नाडीचं दुसरं टोक

ओल्या बनियनमधून सेफ्टी पिन पलीकडे निघेना. करिष्मानं कापडाची चिमूट घट्ट धरली, पिन पुन्हा टोचली आणि सासऱ्यांच्या छातीवरचा कागदी नंबर चारही कोपऱ्यांनी पक्का केला. केसरीनाथ मान वर करून मुकाट उभे होते. पाऊस पहाटेपासून लागून राहिला होता आणि वारा असा की रस्त्यावर जमलेली सगळी माणसं कोपर पोटाशी धरून जागच्या जागी उड्या मारत होती.

"टोचली का बाबा?"

"न्हाय. गारठ्यानं काय समजतच न्हाय."

तिनं ट्रॅकपँटच्या खिशातून नाडी काढली. बुटाचीच नाडी, हातभर लांबीची, दोन्ही टोकांना फासा. एक फासा तिनं आपल्या मनगटात अडकवला आणि दुसरा पुढे केला. केसरीनाथांनी डावा हात पुढे केला.

"उजवा, बाबा."

ते क्षणभर थांबले. मग हसल्यासारखं करून त्यांनी हात बदलला. "म्हातारा झालो गं. डावा-उजवा बी सुधरत न्हाय."

ठाण्यातल्या या पावसाळी मॅरेथॉनमधली दहा किलोमीटरची शर्यत ते चौथ्यांदा पळणार होते. पहिल्या दोन वेळी नाडीचं दुसरं टोक करिष्माच्या नवऱ्याच्या, कुणालच्या हातात होतं. काचबिंदूनं डोळे गेल्यावर कोन गावातल्या घरात पाच वर्षं भिंतीला हात लावून बसलेल्या बापाला त्यानंच उठवलं होतं. आंधळी माणसं अशी नाडी धरून पळतात, हे त्यानं पेपरात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला खाडीच्या बांधावर नेऊन उभं केलं. तरुणपणी गावाच्या कबड्डीच्या संघात खेळलेला तो माणूस पहिल्या दिवशी पन्नास पावलं पळाला आणि बांधावर बसून रडला, असं कुणाल करिष्माला सांगायचा. कुणाल स्वतः मोटारसायकलवरून गोदामातल्या ड्युटीला जाताना कंटेनरखाली गेला, त्याला आता अडीच वर्षं होत आली होती.

त्यानंतर एका सकाळी करिष्मानं सासऱ्यांना ओटीवर पाहिलं. एक हात भिंतीला लावून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, वळत होते, पुन्हा चालत होते. बोटांनी भिंतीवर काळपट पट्टा उमटला होता. तिनं कुणालच्या कपाटातून नाडी काढली. सून सासऱ्याबरोबर बांधावर पळते म्हणून गावात बायका बोलल्या. सासूनं, हौसाबाईंनी, महिनाभर अबोला धरला. मग तोही विरला.

शर्यत सुटली. पुढचा लोंढा निघून जाईपर्यंत करिष्मानं त्यांना कडेला थांबवलं आणि मग हळूच म्हणाली, "चला."

पहिले दोन किलोमीटर नेहमीसारखे गेले. "डावं," ती म्हणायची. "उंच. पाणी. आता सरळ." रस्त्याच्या कडेला छत्र्या धरून माणसं उभी होती. कोणी टाळ्या वाजवल्या की केसरीनाथ मान त्या बाजूला वळवायचे. त्यांचा श्वास चांगला चालला होता, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी चांगला. बरोबरची माणसं मागे पडत होती. करिष्माला नवल वाटलं. गेले दोन महिने पाऊस आणि तिच्या ऑफिसच्या वेळा यांमुळे आठवड्यातून जेमतेम दोनदा त्यांचं पळणं व्हायचं.

पुलाच्या अलीकडे डबकं आलं. सांगायला वेळ नव्हता, म्हणून तिनं नाडीला एक झटका देऊन त्यांना आपल्याकडे ओढलं. केसरीनाथ तिच्याकडे वळले नाहीत. त्यांनी गुडघा चांगला वर उचलला आणि काहीतरी ओलांडल्यासारखा पाय टाकला. तो नेमका डबक्यात पडला.

 थोडं पुढे गेल्यावर, रस्ता अगदी सपाट असताना, तिनं मुद्दाम पुन्हा एक झटका दिला. पुन्हा गुडघा वर आला.

झटका म्हणजे पाय उचलायचा, हे तिनं त्यांना कधी शिकवलं नव्हतं. कुणालनंही नाही. ती आणि कुणाल, दोघंही तोंडानं सांगायचे.

"बाबा, तुम्ही कोणाबरोबर पळताय?"

"तुझ्याबरोबर."

"रोज कोणाबरोबर पळताय?"

पुलाचा चढ लागला होता. वरून वाऱ्याबरोबर पाणी आडवं येत होतं. केसरीनाथ मान खाली घालून चढ चढले.

"दामू," ते म्हणाले. "दोन महिने झाले."

दामू त्यांच्याच आळीतला, त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कबड्डीत त्यांच्या हाताखाली खेळलेला. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवायचा. आज पहाटे त्यानंच त्यांना ठाण्याला आणलं होतं. रविवारचा धंदा सोडून हा आपणहून कसा आला, हा विचार रिक्षात तिच्या मनात येऊन गेला होता.

"कधी पळता?"

"तू ड्युटीवर गेलीस का. देवळात जातो सांगून." ते पळता पळता धापत बोलत होते. "त्याचं तोंड तंबाखूनं भरलेलं. बोलत न्हाय. झटका देतो. आन् उजवा खांदा धड त्याचा, म्हणून डावीकडून धरतो."

करिष्मानं वेग वाढवला. तिनं तो ठरवून वाढवला नव्हता, पण पाय तिचं ऐकत नव्हते. नाडी ताणली गेली. केसरीनाथांनी तक्रार केली नाही. तेही तिच्या मागे ओढल्यासारखे पळत राहिले. पाचेक मिनिटं दोघं तसेच पळाले. मग त्यांचा श्वास फुटलेला तिला ऐकू आला आणि ती सावकाश झाली.

"माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

"तुझा काय न्हाय चुकला."

"मग?"

"जेठात देवेश आलता." देवेश तिचा भाऊ. वज्रेश्वरीला त्याचं हॉटेल होतं. तो तिच्यासाठी स्थळ घेऊन आला होता. पडघ्याकडचा शाळामास्तर, बायको वारलेली, मूल नाही. "तू त्याला ओटीवर बसून काय बोललीस, मी आतून ऐकला. डोळे गेले, कान हायत माझे."

ती त्या दिवशी काय बोलली होती, हे तिला आठवत होतं. बाबांना कोण बघणार, असं ती म्हणाली होती. देवेश चहा अर्धा टाकून निघून गेला होता, आणि तो विषय तिथंच संपला, असं तिनं धरून चाललं होतं.

"त्याच दिवशी संध्याकाळी दामूकडं गेलो," केसरीनाथ म्हणाले. "बोललो, मला पळायला शिकव तुझ्या हातानं. तो बोलला, सून हाय ना. मी बोललो, म्हणूनच."

पुढे पाण्याचं टेबल आलं. करिष्मानं ग्लास घेऊन त्यांच्या हातात दिला. पाणी इतकं गार होतं की त्यांनी एक घोट घेऊन उरलेलं रस्त्यावर सांडलं. तिनं काहीच घेतलं नाही.

"येत्या रविवारी ती माणसं येतील," ते म्हणाले. "देवेशला मी फोन लावलाय."

"मला विचारलं नाही."

"विचारला असता तर न्हाय बोलली असतीस."

"आणि आई?"

"तिला रडूदे. दोन दिवस रडंल. मग तीच पोहे करायला उठंल."

सहाव्या किलोमीटरचा फलक मागे गेला. पावसानं आता चांगलाच जोर धरला होता. झाडाखालून जाताना मोठे थेंब मानेवर पडत होते आणि तेवढ्यानंही अंग शहारत होतं. करिष्मा रस्ता बघत होती. डावं, उंच, सरळ, हे तिच्या तोंडून आपोआप निघत होतं; मधल्या वेळात ती दुसरंच काहीतरी शोधत होती.

"बाबा, मी तुमच्यासाठी पळत नव्हते," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी मान तिच्या बाजूला वळवली.

"म्हणजे आधी तुमच्यासाठीच. नंतर नाही." तिला पुढचं नीट मांडता येईना. घरात कुणालचे कपडे देऊन झाले होते. मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंजली होती. फोटोला हार होता, आणि फोटोतला माणूस दिवसेंदिवस कोणातरी लांबच्या नातेवाइकासारखा दिसायला लागला होता. तो जिथं उभा राहायचा, बापाच्या उजव्या हाताला, अर्ध्या पावलानं पुढे, ती एवढीच जागा उरली होती. तिथं उभं राहिलं की तिला तो किती उंच होता ते आठवायचं, कसा श्वास घ्यायचा ते आठवायचं. हे ती पळता पळता कसं सांगणार.

"मला माहीत हाय," केसरीनाथ म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू कोणासाठी पळतेस ते." त्यांनी तोंडावरचं पाणी मनगटानं पुसलं. नाडीबरोबर तिचाही हात वर ओढला गेला. "म्हणून तर दोन महिने लागले सांगायला."

उतार लागला. तिनं आपला वेग कमी केला, तसे तेही हळू झाले. रस्त्याच्या कडेला शाळेतल्या मुलींचा एक बँड ओल्या गणवेशात उभा होता. ताशाचं कातडं भिजून बद्द वाजत होतं, तरी मुली वाजवतच होत्या.

"ती माणसं पळू देतील का गं तुला?" केसरीनाथांनी विचारलं.

"मला काय माहीत."

"मी विचारीन रविवारी. मी बसणार हाय बोलायला. बापाच्या जागी कोण बसंल दुसरा."

करिष्माचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते.  तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही, कारण तिचा हात हलला की त्यांना कळायचं.

उरलेली शर्यत त्यांनी कमी बोलून पुरी केली. शेवटच्या वळणावर गर्दी होती, भोंग्यावरून कोणीतरी नंबर वाचत होतं. एक तास अकरा मिनिटं. गेल्या वर्षीपेक्षा नऊ मिनिटं कमी. आडव्या पट्ट्यावरून पाय गेल्यावर केसरीनाथ थांबले, वाकले आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. करिष्मानं त्यांच्या मनगटातला फासा सोडवला. नाडी ओली होऊन रुतली होती. कातडीवर लाल वळ उठला होता. तो तिनं अंगठ्यानं चोळला.

"थंडी वाजतेय का?"

"वाजतेय."

डॉक्टरांच्या तंबूत त्यांना खुर्ची मिळाली. एका मुलीनं अंगावर चादर टाकली, दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब मोजायला घेतला. तुमचं वय किती, आजोबा, असं तिनं विचारलं आणि त्यांनी कबड्डीच्या दिवसांपासून सांगायला सुरुवात केली. करिष्मा बाहेर आली.

दामू तंबूच्या कडेला छत्री धरून उभा होता. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा टॉवेल, शर्ट. तिला बघून त्यानं गालातली तंबाखू घाईघाईनं बाजूला थुंकली.

"सूनबाय, मी बोलणार होतो तुला. दादांनी शपथ घातली."

"असू दे, काका."

ती छत्रीखाली आली. दोघं तंबूकडे तोंड करून उभे राहिले. आत केसरीनाथ हातवारे करून त्या मुलीला काहीतरी समजावत होते, आणि ती हसत होती.  छत्रीच्या काड्यांवरून पाणी गळत होतं.

"तंबाखू खाऊन पळता ना तुम्ही?" करिष्मानं विचारलं.

"हा."

"पळताना नका खाऊ. त्यांना बोलणं लागतं. डावं-उजवंच नाही, जे दिसेल ते. बगळा दिसला तर बगळा, कोणाची म्हैस दिसली तर कोणाची ते. ते काही बोलणार नाहीत, पण ऐकतात."

दामूनं मान हलवली.

"उतारावर भीती वाटते त्यांना. सांगत नाहीत. खांदा आखडतो. तेव्हा आपण हळू व्हायचं, त्यांना हळू व्हा म्हणायचं नाही."

"बरं."

"पाणी मागत नाहीत. हातात द्यायचं. आणि भरतीच्या वेळी बांधाच्या खालच्या बाजूला नेऊ नका. तिथं शेवाळ आहे."

तिचे दात वाजायला लागले होते. दामूनं पिशवीतला टॉवेल काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला आणि खांद्यांवर लपेटून घेतला. आतली मुलगी पट्टा सोडत होती; केसरीनाथ उठायला लागले होते.

"अजून एक," ती म्हणाली. "रोज नाही होत. लांब पळून दमले की होतं, अगदी शेवटी. ते तुम्हाला दुसऱ्याच नावानं हाक मारतील."

दामू तिच्याकडे बघत राहिला. कुठल्या नावानं, हे त्यानं विचारलं नाही.

"मग मी काय बोलू?"

"काही बोलायचं नाही," करिष्मा म्हणाली. "नुसती ओ द्यायची."