सातवी कपार

म्हाताऱ्यानं उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली. ‘सरका पुढं, पुढं जागा आहे!’ हे त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं, की झोपेतसुद्धा बायकोला ढोसून तेच म्हणायचा. गाडी भरली ही गोष्ट त्याला कधी मान्यच नव्हती. आणि आज लेकीच्या घरात पाऊल टाकलं, तर तेच वाक्य तोंडातून निघेना. कारण आज दारात लोंबकळणारा पॅसेंजर तो स्वतःच होता.

बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला, दोनदा न्हाणीघरात पडला, तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, आता पुरे झालं. गुपचूप इकडं राहायला या.” आला बिचारा. सामान म्हणावं तर एक ट्रंक आणि एक फौजदार.

फौजदार म्हणजे मासा. खाऱ्या पाण्यातला, बोटाएवढा, गर्द निळा. आई गेल्यावर बाबांना सोबत हवी म्हणून लेकीनंच तो छोट्या टाकीसकट आणून दिला होता. एकटा राहून राहून असा माजला होता, की पाण्यात हात घातला की चावलाच! म्हाताऱ्याचं सगळं बोलणं मात्र त्याच्याशी. पेपरातल्या बातम्यासुद्धा त्यालाच वाचून दाखवायचा. पण येताना टेम्पोच्या धक्क्यानं टाकीला तडा गेला, आणि फौजदारसाहेब झाकणाच्या बादलीत बसून लेकीच्या दारी उतरले.

लेकीकडं भिंतभर टाकी होती. दगडांवर जांभळी-हिरवी पोवळी फुललेली, आणि एवढ्या पाण्यात मासे मोजून सहा. म्हाताऱ्यातला कंडक्टर जागा झाला. “अगं, रिकामीच धावतेय की गाडी!”

“बोलू नका बाबा,” जावई म्हणाला. “वाढदिवसाला मी एक पिवळा मासा मागितला होता, तर बाईसाहेब म्हणाल्या, हाउसफुल्ल.”

“पिवळा मोठा होतो, त्याला पळायला मैदान लागतं,” लेक म्हणाली. “आणि नुसतं पाणी बघून नाही ठरवत मासे. टाकीला घाण किती पचते आणि लपायला कपारी किती, ते बघायचं. माझ्याकडं कपारी सहा. म्हणून मासे सहा.” मग बादलीत डोकावून म्हणाली, “याला आठवडाभर वेगळ्या टबात ठेवते. रोगबिग नाही ना बघू. मग ठरवू.”

‘मग ठरवू’ हे शब्द म्हाताऱ्याच्या काळजात रुतले. आता या पोरीला किती म्हणून त्रास द्यायचा? आधीच आपण येऊन पडलोय. दुसऱ्या दिवशी खिडकीकडं तोंड करून तो म्हणाला, “दुकानवाल्याला देऊन टाक गं. एक मासा तो काय!” म्हाताऱ्यानं गुपचूप डोळे पुसले आणि टबाशी जाऊन फौजदाराला क्रिकेटचा स्कोअर सांगितला.

त्या आठवड्यात त्याला आणखी एका गोष्टीचं वाईट वाटत राहिलं. लेकीचा संसार भलताच अजागळ होता. जावई उठला की टेबलावर आपटायचा. दिवा लावायला जायचा तर तिथं कपाट. डबा उघडायचा साखरेचा, निघायची डाळ. जेवायला बसताना दोघंही क्षणभर घुटमळायचे, कुठली खुर्ची कुणाची म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि यांना स्वतःच्या घरातलं काही सापडत नाही? हिची आई असती तर चांगलं फैलावर घेतलं असतं!

रविवारी लेकीनं बाह्या सरसावल्या आणि टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. एकेक दगड उचलून भलतीकडं ठेवू लागली. दोन दगडांवर मिळून पोवळ्याचं एक झुडूप पसरलं होतं, तिनं वर्षानुवर्षं जपलेलं. तेही तिनं कटर घालून मधोमध कापलं. पाणी गढूळ झालं, मासे सैरावैरा पळायला लागले.

म्हातारा धडपडत उठला. “अगं, काय करतेस? त्यांचं बसलेलं घर कशाला मोडतेस, या उपऱ्यासाठी?”

लेकीनं मान वर केली नाही. “बाबा, सगळं होतं तसंच ठेवून नवा सोडला, तर तो उपराच राहतो. जुने त्याला हाकलत बसतात, नाहीतर तो जुन्यांना. म्हणून सगळ्यांच्याच जागा हलवायच्या. मग सगळेच नवे. कोण कुणाला हाकलणार?” तिनं दोन दगड एकमेकांना टेकवले आणि मधल्या फटीत बोट घालून बघितलं. “ही झाली सातवी.”

तेवढ्यात मागं धाडकन आवाज झाला. “आई गं!” जावई गुडघा चोळत होता. “हे टेबल एक दिवस माझा जीव घेणार!”

म्हातारा वळला. त्यानं टेबलाकडं बघितलं. मग सोफ्याकडं, कपाटाकडं, अदलाबदल झालेल्या खुर्च्यांकडं. भिंतीवर कपाटाच्या जुन्या जागेची चौकट अजून फिकट दिसत होती. आठवडाभर जे डोळ्यांसमोर होतं, ते आत्ता कुठं त्याला दिसलं. देवा, काय पोर दिलीस! आणि आठवडाभर आपटत फिरलेल्या जावयाचे तर पाय धरावेत असं वाटलं.

लेकीनं टाकीतला दिवा मालवला आणि फौजदाराला हळूच पाण्यात सोडलं. त्यानं सवयीनं पंख फुगवले. पण भांडायला वेळ होता कुणाला? जो तो आपापली जागा शोधत होता. फौजदार दोन चकरा मारून सातव्या कपारीत शिरला आणि तोंड तेवढं बाहेर काढून बसला.

“चला, यावर चहा झालाच पाहिजे,” जावई म्हणाला आणि लंगडत स्वयंपाकघरात गेला. फळीवरचे डबे खडखडले. “अगं, साखर कुठंय?”

लेकीचे हात खांद्यापर्यंत ओले होते. तिनं आठवायचा प्रयत्न केला, पण तिलाही आठवेना.

“डावीकडं, वरच्या फळीवर,” म्हातारा म्हणाला. “थांबा जावईबापू, मीच देतो काढून.”