मी, माझी मालकीण आणि दोरीवरचे फ्रॉक

मित्रांनो, माझ्या कळांवरची अर्धी अक्षरे पुसून गेली आहेत. माझी एक बिजागरी करकरते, आणि जरा जास्त काम पडले की मी जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो. ओळखलेत ना? मी एक जुना लॅपटॉप आहे.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही पुष्कळ भावंडे जन्माला आलो. कोणी बँकेत गेले, कोणी कॉलेजात. मी गेलो एका मुलीच्या घरी. ती कोणाच्या नोकरीत नव्हती. घरच्या जेवणाच्या टेबलाचे एक टोक हेच तिचे ऑफिस. तिथे बसून ती लोकांना वेबसाईट आणि ब्लॉग बनवून देत असे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे बाबा वर्तमानपत्र वाचत बसत. त्यांची उभी हयात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती, त्यामुळे माझ्या पडद्यावरची अक्षरे ते चष्मा कपाळावर सरकवून, अगदी नाक लावून तपासत.

काम मजेचे होते. दातांच्या डॉक्टरांना वेबसाईटवर हिरवा रंग अजिबात नको होता. "हिरवे दात बघून कोण येईल माझ्याकडे?" असे ते फोनवर कळवळून म्हणाले. नाच शिकवणाऱ्या बाईंना पानावरचे प्रत्येक अक्षर हलते हवे होते. बाबा म्हणत, "गिऱ्हाईक म्हणजे देव. पण हा देव रोज नवा रंग मागतो."

मालकीण माझ्यावर खूश असे. "दिसायला साधा आहे, पण गुणाचा आहे हो," असे ती कौतुकाने सांगे. मी मनातल्या मनात फुलून जाई.

आठवड्यातला एक दिवस मात्र ती कोणाकडून काहीही न घेता काम करी. रक्तदात्यांच्या गटाला, झाडे लावणाऱ्या मंडळींना तिने अशाच वेबसाईट करून दिल्या होत्या. अशाच एका दिवशी आमच्याकडे एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. घरात मारहाण सोसून जीव मुठीत धरून पळालेल्या बायकांसाठी त्या एक घर चालवत. ते घर कुठे आहे हे बाहेरच्या कोणालाही ठाऊक नव्हते. दारावर पाटी नव्हती.

"बायकांना आमचा फोन नंबर मिळायला हवा," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण पत्ता कोणालाच मिळता कामा नये. जमेल?"

"जमेल की," मालकीण म्हणाली.

तिने ते काम जिवापाड केले. फोटोंमधले चेहरे पुसले. एका फोटोत खिडकीबाहेर दुकानाची पाटी दिसत होती, तो काढून टाकला. एका लेखात जवळच्या शाळेचा उल्लेख होता, ते वाक्यच गाळले. काही दिवसांनी मोठ्या बाईंचा विश्वास बसला आणि त्या आम्हा दोघांना त्या घरी घेऊन गेल्या. तिथले टेबल, तिथले अंगण मी पाहिले. निघताना बाबांनी विचारले होते, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "कामाला." त्यापुढे तिने बापालाही एक शब्द सांगितला नाही.

त्या घरात एक बाई होती. अंगाने काटकुळी, आणि ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. म्हणून सगळ्याजणी तिला टाचणी म्हणत. ती लहान मुलींचे फ्रॉक शिवत असे. प्रत्येक फ्रॉकला झाडाच्या पानासारखा खिसा, आणि त्या पानावर दोऱ्याच्या बारीक शिरा. पहिल्यांदाच तिच्या हातचे कपडे विकायला निघाले होते. तिने ते अंगणात दोरीवर ओळीने लावले आणि मोठ्या बाईंच्या मोबाईलवर स्वतःच फोटो काढला.

"फोटो लहान करू नकोस हं," तिने टाचण्या ओठांतून काढून बजावले. "टाके दिसले पाहिजेत. टाक्यांवरच तर सगळं आहे."

मालकिणीने पानावर छोटा फोटो लावला आणि त्याखाली लिहिले, "टाके जवळून पाहण्यासाठी इथे दाबा." दाबले की मूळचा मोठा फोटो जसाच्या तसा उघडे. फोटोत कोणाचाही चेहरा नव्हता. घर नव्हते, रस्ता नव्हता. दोरी होती आणि फ्रॉक होते. फ्रॉकांना मागणी येऊ लागली. टाचणी गुणगुणत मशीन चालवू लागली.

मित्रांनो, आता पुढचे सांगताना आजही माझा पडदा क्षणभर काळा होतो.

दुपारची वेळ होती. मालकीण मोठ्या बाईंना ब्लॉगवर लेख कसा चढवायचा ते शिकवत होती. मी शिवणाच्या टेबलावर उघडा होतो. इतक्यात दारावर थाप पडली. मग दुसरी, जोरात. आणि मग एका पुरुषाने एका बाईच्या नावाने हाक मारली. ते नाव मी त्या घरात कधीच ऐकले नव्हते. पण टाचणीचे मशीन एकदम थांबले. तिच्या ओठांतल्या टाचण्या टपटप खाली पडल्या.

ते तिचे खरे नाव होते. दाराबाहेर तिचा नवरा होता.

कोणी ओरडले नाही. मोठ्या बाईंनी नुसता हात केला, आणि दोघीजणी टाचणीला धरून मागच्या कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या. आतून कडी लागली. मोठ्या बाई खिडकीपाशी गेल्या.

"इथं या नावाचं कोणी नाही."

"नाही कसं?" तो माणूस हसत होता. शांतपणे, ओळखीच्या घरी आल्यासारखा. त्याने आपला मोबाईल खिडकीच्या काचेला टेकवला. पडद्यावर दोरीवरचे फ्रॉक होते. "पानाचा खिसा तिच्याशिवाय कोण शिवतं? आणि पत्ता तर तुम्हीच दिलात की. तुमच्याच फोटोत आहे."

मालकिणीचा चेहरा असा झाला, जणू कोणी अंगातले सगळे रक्त काढून घेतले. "फोटोत?" ती पुटपुटली. "फोटोत तर काहीच नाही..."

"माझ्या मोबाईलवाल्यानं दोन मिनिटांत काढून दिला," तो म्हणाला. आणि मग त्याचे हसू गेले. त्याने अंगणातली वीट उचलली. काच फुटली. वीट टेबलावर येऊन माझ्या कोपऱ्यावर आदळली. काच लागून मोठ्या बाईंच्या कपाळातून रक्त आले, तरी त्या खिडकीसमोरून तसूभरही हटल्या नाहीत. मालकिणीने पोलिसांना फोन लावला, पण ते येईपर्यंत तो दाराला लाथा घालत होता. कोठीच्या खोलीतून मात्र श्वासाचाही आवाज आला नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले. मग मालकिणीने माझ्यावर तो फोटो उघडला आणि त्याची माहिती दाखवणारी चौकट काढली. तारीख होती. मोबाईलचे नाव होते. आणि खाली एक छोटा नकाशा होता. नकाशावर एक लाल खूण होती, बरोबर त्या घराच्या छपरावर.

मोबाईल फोटो काढताना जागाही टिपून ठेवतो, मित्रांनो. पानावरचा छोटा फोटो बनवताना ते टिपण गळून पडले होते. पण मूळचा फोटो जसाच्या तसा चढवला होता. त्याच्या पोटात पत्ता होता, आणि तो फोटो माझ्या पोटात होता. तिने चेहरे पुसले होते, पाट्या पुसल्या होत्या. जे दिसत होते ते सगळे तिने तपासले होते. जे दिसत नव्हते, ते तपासायचे असते हे तिच्या ध्यानीमनीही आले नव्हते.

टाचणी बाहेर आली तेव्हा मालकीण तिच्यासमोर उभी राहिली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी तो फोटो..."

टाचणीने पडद्यावरची लाल खूण पाहिली.

"फोटो मी काढला होता," ती म्हणाली. "माझे फ्रॉक. माझे टाके. म्हणजे दारापर्यंत त्याला मीच आणलं?"

"त्याला त्यानंच आणलं," कपाळावर फडके दाबून बसलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. "पाय त्याचे होते आणि वीटही त्याचीच होती." मग त्या मालकिणीकडे वळल्या. "तुझ्यावरचा माझा राग इतक्यात जायचा नाही, पोरी. खोटं कशाला बोलू? पण रागावत बसायला आज वेळ नाही. आधी तो फोटो काढून टाक."

तिने तो काढून टाकला. तो कुठे कुठे पोचला होता ते शोधले आणि ज्यांनी ज्यांनी तो पुढे लावला होता त्यांना विनवणी करून काढायला लावला. तोवर इकडे बोचकी बांधली जात होती. शिवणाचे मशीन, गाद्या, पातेली. त्याच संध्याकाळी ते घर रिकामे झाले. एका खुणेपायी!

घरी आल्यावर मालकिणीने मला उघडलेच नाही. बाबांनी चहा पुढे ठेवला. तो निवला, तसा त्यांनी दुसरा करून आणला.

"माझ्या कामामुळे आज एका बाईचा जीव गेला असता, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आणि मी भलं करायला गेले होते."

बाबांनी कुठे, कोण, काही विचारले नाही. "आमच्याकडे चूक सापडली की छपाई थांबवायचो, कागद फाडायचो," ते म्हणाले. "तुझं छापलेलं फाडता येत नाही. मग छापायच्या आधीच दुप्पट बघायला हवं. जा, तुझी बाकीची पानं बघ."

तिने मला उघडले. नाचाच्या बाईंच्या ब्लॉगवर त्यांच्या छोट्या मुलीचे अंगणात खेळतानाचे फोटो होते. खूण त्यांच्या घरावर होती. झाडे लावणाऱ्या मंडळींच्या फोटोतून एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याचे घर सापडत होते. ती पाहत गेली आणि तिचा चेहरा अधिकाधिक पांढरा पडत गेला. मग तिने एकेकाला फोन लावला आणि झालेली चूक सरळ सांगितली. नाचाच्या बाई रडल्या. दातांच्या डॉक्टरांच्याही फोटोत घरचा पत्ता निघाला; ते इतके चिडले की त्यांनी काम दुसऱ्याला दिले. तिने कोणाशीही वाद घातला नाही. खुणा पुसत राहिली.

मोठ्या बाईंच्या वेबसाईटचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. "बंदच करून टाक," नव्या घरात त्या म्हणाल्या. "नको ती वेबसाईट आणि नको तो घोर."

"बंद नाही करायची," टाचणी म्हणाली. मोठ्या बाईंसमोर ती इतक्या ठामपणे प्रथमच बोलत होती. "शेजारणीचा मोबाईल मागून न्हाणीघरात उभी राहून मी तुमचा नंबर शोधला होता. तेव्हा ते पान नसतं तर मी आज कुठे असते?"

"मग राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि त्यावर एक बटण दे," टाचणी मालकिणीला म्हणाली. "मी नंबर बघत होते आणि तो दार वाजवत होता. पान कसं लपवायचं ते मला कळेना. दाबलं की सगळं गायब होईल, असं काहीतरी दे."

मालकिणीने तसे बटण केले. ते दाबले की पान नाहीसे होऊन हवामानाचा अंदाज समोर येतो. आता त्या पानावर एकही फोटो नाही. थोडे शब्द, एक नंबर आणि ते बटण. बाबांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "रिकामं रिकामं वाटतं गं." मग पडद्याला नाक लावून पाहत म्हणाले, "पण चूक एकही नाही." ते पान सुरू झाल्यावर काही दिवसांनी एक बाई लेकराला कडेवर घेऊन मोठ्या बाईंकडे आली. तिने ते बटण दाबले होते.

मी पुढे म्हातारा झालो. मालकिणीने नवा लॅपटॉप घेतला आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण एके दिवशी तिने मला खाली काढले, माझ्या पोटातले सगळे जुने पुसून टाकले आणि मोठ्या बाईंच्या नव्या घरी दिले. तिथे आता बायका माझ्यावर टाईप करायला शिकतात. अक्षरे पुसलेली असल्यामुळे चुकतात, हसतात, पुन्हा शिकतात. मोठ्या बाई आणि मालकीण जुन्या मैत्रिणींसारख्या भांडतात. टाचणीला कोणी फोटो काढताना दिसले की ती हातातले काम टाकून उठते आणि विचारते, "दाखव बघू, आत काय आहे?"

मित्रांनो, तुम्हीही एवढे करा. आपला असो वा दुसऱ्याचा, फोटो जगापुढे ठेवण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते मोठ्यांना विचारून बघा. जुने यंत्र कोणाला देताना त्याचे पोट आधी रिकामे करा. आणि चांगले काम हाती घेतलेत, तर नुसते मन चांगले असून भागत नाही हे विसरू नका. नजरही तितकीच जागी हवी.

तुमच्यापैकी कोणाला मला भेटायला यावेसे वाटेल. आवडले असते मला. पण माझे हे घर कोणत्या गावात आहे, कोणत्या रस्त्यावर आहे, खिडकीतून मला काय दिसते, ते कृपा करून विचारू नका. ते मी कोणालाच सांगत नाही.