दुखवट्याची टोपी

टोपीच्या दुमडीत अर्धी विझवलेली विडी होती आणि तिला चिकटलेला नाचणीचा एक दाणा. झरीनाने दोन्ही काढून मशीनच्या फळीवर जपून ठेवलं, आणि मापाला आलेली ती जुनी टोपी नाकाशी नेली. धूर, तेल, घाम. अब्बा टोपी नुसती हुंगून सांगायचे, हा सूर्यमाळचा, हा साखरशेतचा – आणि बहुतेक वेळा चुकायचे, पण समोरचा हसून म्हणायचा, बरोबर लतीफभाय... कारण टोपी शिवायला आलेला माणूस खुशीत असतो. अंगावर फाटकी बंडी असेल, पण टोपीला खळ हवी, टोक ताठ हवं. औत धरताना ती बांधावरच्या खुंटीला टांगायची आणि बाजाराला जाताना घाटातल्या वाऱ्यात एका हाताने धरून चालायची. पाड्यावरच्या पांड्याने ठाण्याच्या कारखान्यातून पिवळं हेल्मेट आणलं आणि भाताची सगळी आवणी ते घालून केली, तेव्हा अब्बा त्याच्यावर रुसले होते.

"आपा, आता ते राहू दे," जहीर म्हणाला. तिचा चुलतभाऊ. अब्बांच्या दफनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने नाशिकच्या तयार टोप्या आणून मांडल्या होत्या. "लहान, मध्यम, मोठं. डोकी याहून जास्त नसतात." मशीन विकायचं, असंही तो म्हणत होता.

झरीना रडली नव्हती. वाचनालयातल्या कादंबऱ्यांत मुली खिडकीशी उभ्या राहून रडतात. त्यांच्या दुकानाला खिडकी नव्हती. अब्बांची नजर गेल्यापासून कापड तीच कापत होती, आणि खोडाळ्याच्या बाजारातली ती सगळी ताठ डोकी – ती तिची होती, हे तिला ठाऊक होतं, अब्बांना ठाऊक होतं. बस्स.

दुपारी पांड्या आला. बोडका. हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा. उंबऱ्याबाहेरच बसला.

"लतीफभायच्या दुखवट्याची टोपी शिवायची हाय. आमच्या पाड्याकडनं."

"पांडूकाका, आमच्यात असं नसतं."

"तुमच्यात नसंल. माणूस आमचा बी व्हता ना? घरच्याच्या डोक्यावर टोपी ठेवल्याबिगर त्यानं कामाला हात लावू नये."

"कुणाच्या डोक्यावर?"

त्याने जहीरकडे हनुवटी उडवली. "घरात गडी तोच. तेच्या डोक्यावर ठेवली का दुकान तेचं. मंग आमी बी तेच्याकडंच येऊ."

"शिव आपा," जहीर हसला. "माझं माप मोठं घे. आता जबाबदारी आली."

कामाला हात लावू नये – आणि तिचा हात तर सकाळपासून मशीनवर होता. म्हणजे तो त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. पांड्या भला माणूस, डोंगर उतरून आला होता, आणि किती मायेने तो हे दुकान तिच्याच हातून शिवून दुसऱ्याला देत होता... तिने फीत उचलली. जहीरने डोकं पुढे केलं. तिने फीत स्वतःच्या ओढणीवरून फिरवली, कपाळावर चिमटीत धरली.

"बाईच्या डोक्यावर टोपी?" पांड्या म्हणाला.

"आवणीत हेल्मेट चाललं ना, काका?"

"लोक हसतील," जहीर म्हणाला.

"हसतील तं हसतील, मला काय नवीन नाय," पांड्याने डोकं खाजवलं. "पण पाड्यात इचारावं लागंल."

"विचारा."

"ओढणीखाली घालशील?"

"नाही."

तो उठला नाही, हो म्हणाला नाही. जहीर काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. पाडा नाही म्हणेल, कदाचित. मग बाजारात ती तयार टोप्यांची डोकी बघत बसेल... बसेल, पण मशीनसमोरच बसेल. तिने कापड पसरलं, खडूने रेघ ओढली. कात्री टोकाच्या वळणाशी आली, तिथे अब्बा नेहमी म्हणायचे, हळू. तिने कान दिला. कुणी काही म्हणालं नाही.

ती हळू झाली नाही.