चार फूट वर

वेल्डरने मशीन रिक्षातून उतरवलं आणि गुरुमूर्ती खाली आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी.

"मॅडम, मागच्या गल्लीत स्टँड लावायचा नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "एसीची आउटडोअर युनिटं जमिनीवर, एका ओळीत राहतील असं मीटिंगमध्ये ठरलंय. उगाच बिल्डिंग विद्रूप दिसते."

विद्युलताच्या डोक्यात तिडीक गेली. बँकेच्या बदलीवर नागपूरहून येऊन तिला सतरा वर्षं झाली होती. पेरुंगुडीतलं हे तळमजल्यावरचं, उंच जोत्याचं घरही जुनं झालं होतं, आणि तमिळ आता भांडण्यापुरती चांगलीच यायची.

"परवा वादळ येतंय, सर. गेल्या वर्षी ही ओळ कमरेएवढ्या पाण्यात होती."

"नैसर्गिक आपत्ती कोणाच्या हातात असते?"

हेच वाक्य त्यांनी गेल्या वर्षीही ऐकवलं होतं. तेव्हा पाणी ओसरायच्या आत लिफ्ट हवी म्हणून त्यांनी मेन स्विच चढवायला लावला होता. बुडालेल्या युनिटांत वीज गेली आणि सहाच्या सहा जळाली. नवं युनिट मिळायला अकरा दिवस लागले. विद्युलताच्या नवऱ्याला, रत्नाकरला, अपघातात मानेच्या मणक्याला मार बसलेला. छातीखाली त्याला घामच येत नाही. खोली तापली की तोही तापतो. तिसऱ्या दिवशी त्याला एकशेचार ताप चढला, आणि तो तिला "कोण तुम्ही?" असं विचारायला लागला.

ती वेल्डरकडे वळली. "तुम्ही काम करा. चार फूट उंच, आणि चारही पाय काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट. वारं सुटलं तरी हलता कामा नये."

संध्याकाळी स्टँड काढण्याची सोसायटीची नोटीस आली. तिने ती वाचली आणि फक्त पोचीची सही करून परत पाठवली.

वादळ दीड दिवस घोंघावत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तेव्हा गल्लीत पाच युनिटं पार बुडालेली होती. सहावं, तिचं, पाण्याच्या वर वीतभर कोरडं होतं. वीज आदल्या दुपारपासून नव्हती, आणि बिल्डिंगचा मेन स्विचही तेव्हाच बंद करून ठेवला होता.

"लता, समोरच्या बिल्डिंगमध्ये पंखा फिरतोय," रत्नाकर पलंगावरून म्हणाला. त्याचं कपाळ चटका बसावा इतकं गरम होतं. ओला टॉवेल त्याच्या छातीवर टाकून ती जिन्याकडे धावली.

गुरुमूर्ती लुंगी वर खोचून, कोरड्या पायरीवर उभे होते. खालच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात, म्हातारा वॉचमन नारायणस्वामी मेन स्विचकडे हात लांबवत होता.

"हात काढा," ती ओरडली, आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, तुमचं युनिट कोरडं आहे. घरात पेशंट आहे. तुम्हीच अडवता?"

"पेशंट गेल्या वर्षीही होता. तुम्हाला माहीत होतं." ती बोर्डापासून हलली नाही. "आधी पाचही घरांचे एसीचे स्विच बंद होतील. जी घरं कुलूपबंद आहेत त्यांचे मीटरपाशी फ्यूज काढा. मग मेन."

"अर्धा तास जाईल."

"जाऊ दे. आणि नारायणस्वामी पाण्यातून वर येतील. स्विच तुम्हाला हवाय ना? तुम्ही चढवा."

नारायणस्वामी कोरड्या पायरीवर येऊन बसले. गुरुमूर्तींनी तिच्याकडे पाहिलं, जिन्यात जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि मजले चढू लागले. पंचवीस मिनिटं ती बोर्डाला टेकून होती. आत रत्नाकर एकटा तापत होता, हे तिला क्षणोक्षणी ठाऊक होतं, आणि त्या प्रत्येक क्षणाचा राग ती या माणसाच्या नावावर जमा करत होती.

गुरुमूर्तींनी स्वतः मेन चढवला. तिचा एसी सुरू झाला. दुपारपर्यंत रत्नाकरचा ताप उतरला आणि त्याने ताकभात मागितला.

पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने बुडालेली युनिटं उघडून धुतली, दोन दिवस वाळवली. पाचपैकी चार चालू झाली.

त्या संध्याकाळी गुरुमूर्ती दारात आले. "त्या वेल्डरचा नंबर हवा होता. सगळ्यांनीच स्टँड करून घ्यावेत म्हणतो."

"नोटीस मागे घेतल्याचं लेखी द्या."

"एवढ्याशा गोष्टीचा राग मनात किती ठेवायचा, मॅडम?"

"गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला ओळखलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही विचारायला आला नाहीत."

तिने त्यांना आत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद आला, तेव्हा तिने नंबर पाठवला; खाली एक शब्दही जास्तीचा लिहिला नाही.

"झालं ना आता? सोडून दे," रत्नाकर म्हणाला.

"नाही सोडणार," ती म्हणाली, आणि त्याची उशी सरळ करायला वाकली.