नाव नसलेली गाठ

“या यादीतले सगळे ब्लॉक मिळतील का हो, ताई? फार जुने आहेत.”

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. ताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. “या लॅबमधून आजवर टाचणीसुद्धा हरवलेली नाही, डॉक्टर. ब्लॉक कुठे जातील?”

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला रुग्णाच्या गाठीचा तुकडा. केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका पातळ काप काढून तो काचेवर चढवायचा, हे ताईंचं तीस वर्षांचं काम. त्यावरून लॅबमध्ये त्यांचं नाव पडलं होतं पातळताई. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या असल्यामुळे नवीन माणसाला आधी हसू येई, मग त्यांचा काप पाहिला की तो गप्प होई.

यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. आठव्या क्रमांकावर ताईंचं बोट थांबलं. तो क्रमांक सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिला होता.

“हा कशाला हवाय?”

“तरुण माणसांच्या गाठी आहेत या. नाकामागे, छातीत. झपाट्याने वाढलेल्या आणि कशातच न बसणाऱ्या. तेव्हा त्या ओळखणारी तपासणी नव्हती, आता आहे.”

“ही माझी अक्का आहे,” ताई म्हणाल्या.

अक्का दहा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर तिने शाळेचे गणवेश शिवायला घेतले आणि धाकटीला लॅबच्या शिक्षणाला घातलं. खोलीत कापडाची धूळ उडत असे. “नाकाला रुमाल बांध गं,” ताई म्हणायच्या. “रुमाल बांधला तर तुझ्याशी भांडणार कोण?” अक्का सुईत दोरा ओवता ओवता विचारायची. हसली की तिची मान एका बाजूला कलायची. एकदा ताईंनी परीक्षेच्या धास्तीने अंथरूण धरलं, तर तिने शेजारी बसून अख्खं पुस्तक मोठ्याने वाचून काढलं. एक अक्षर कळत नसताना, प्रत्येक शब्दाचा खिमा करत.

छत्तिसाव्या वर्षी तिचं नाक चोंदायला लागलं. सर्दी म्हणून महिनाभर काढला. तुकडा काढायचं ठरलं तेव्हा खाटेवरून तिने ताईंना बजावलं होतं, “माझा तुकडा तूच काप हं. दुसरं कुणी जाडाभरडा कापून ठेवेल.” ताईंनी कापला. मोठमोठे डॉक्टर आळीपाळीने सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि अहवालात ओळ आली: प्रकार ठरवता येत नाही. चौथ्या महिन्यात अक्का गेली. लोक विचारत, काय झालं होतं? आई म्हणायची, “गाठ होती.” पुढे काय सांगणार? ताईंच्या मनात मात्र ती धूळ घर करून बसली. माझ्या शिक्षणापायी शिवत बसली आणि नाकात धूळ भरून घेतली. हे त्या कुणाकडे बोलल्या नव्हत्या.

“मी दुसऱ्या कुणाला कापायला सांगू का?” डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

“उरलाय नखाएवढा. दुसऱ्याच्या हातून त्याचं पीठ होईल.”

बर्फावर गार केलेला ब्लॉक ताईंनी यंत्रात बसवला. पहिला काप सुरळी होऊन फाटला. इतक्या वर्षांत त्यांना पात्याची भीती वाटली नव्हती, आज तळहाताला घाम फुटला. त्यांनी हात पुसले, नवं पातं लावलं, श्वास रोखला. दुसरा काप अखंड आला. कोमट पाण्यावर तो सुरकुत्या सोडत पसरला आणि ताईंनी अलगद काचेवर उचलला. यंत्रात नुसतं मेण उरलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पेशीपेशीच्या मध्यभागी तपकिरी ठिपके विखुरले होते.

“सापडलं, ताई. हे ठिपके एका दुर्मिळ आजाराची ओळख आहेत. आपल्या जनुकांच्या गुंडाळीवर बारीक खुणा असतात. एक प्रथिन त्या खुणा वाचतं आणि तिथलं जनुक चालू करायला लावतं. रोजचं साधं काम. पण या आजारात त्या प्रथिनाचं जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं जातं. मग ती जोडगोळी खुणांवर ठाण मांडून बसते. वाढीची जनुकं बंदच होत नाहीत. पेशीला मोठं होऊन आपल्या कामाला लागताच येत नाही.”

“आणि कापडाची धूळ?” ताईंनी विचारलं.

“कशामुळे तुटतं ते अजून कळलेलं नाही. पण धुळीशी संबंध कुणाला सापडलेला नाही. आईवडिलांकडूनही येत नाही. कुणाचीच चूक नसते हो.”

ताईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाल्या, “काप कसा आलाय?”

“नितळ.”

संध्याकाळी घरी आल्यावर त्या चपला काढून थेट आईजवळ बसल्या. चौऱ्याऐंशीची आई खिडकीशी उन्हाचा शेवटचा पट्टा अंगावर घेऊन बसली होती. ताईंनी सगळं सांगितलं. आजाराचं लांबलचक नाव दोनदा सांगितलं. आईला ते काही उच्चारता येईना.

“आज असती तर वाचली असती?”

“सांगता येत नाही, आई. त्या खुणा वाचणाऱ्या प्रथिनाला अडवणारी औषधं करून बघतायत. अजून म्हणावा तसा गुण नाही.”

आईने मान हलवली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“किती वर्षांची झाली असती गं?”

“बासष्ट.”

“बासष्ट.” आईने खिडकीबाहेर पाहिलं. “म्हणजे केस पांढरे झाले असते तिचे.”

“झाले असते.”

“ती रंगवणारी नव्हती,” आई म्हणाली आणि सुरकुतलेला हात हवेत वर नेऊन, समोर कुणीतरी बसलं असावं तशी एक बट कानामागे सारली.