आभाळाआधी न्हाणीघर

"हे बघ, एखाद्या दिवशी मी दिसले नाही तर आधी आभाळाकडे बघत बसू नकोस. आधी न्हाणीघरात बघ."

बटणमावशींनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठांत तीन टाचण्या होत्या, त्यामुळे पिटुकलीच्या आईला ते काही फार गंभीर वाटलं नाही. टाचण्या काढून मावशींनी पुढचंही सांगितलं. हल्ली उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून न्हाणीघराची कडी आतून लावणं त्यांनी सोडलंय. आणि ही घराची जादा किल्ली, राहू दे तुझ्याकडे.

"काहीतरीच काय मावशी!" पिटुकलीची आई म्हणाली. किल्ली तिने घेतली, इशारा मात्र तिथेच चिंध्यांच्या टोपलीत टाकून आली.

तसं पाहिलं तर इशारे झेलणं हाच तिचा उद्योग होता. फक्त तिला मोठे इशारे लागायचे. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई; जगाचा शेवट जवळ आलाय हे तिला बायबलच्या वचनांतून कळलं होतं आणि आलेखातून पटलं होतं. एका जाड वहीत तिने भूकंप, पूर, साथी आणि लढाया तारीखवार मांडल्या होत्या. रेघ वर चढत होती. एखाद्या महिन्यात रेघ चढेनाशी झाली की ती बारीकसारीक भूकंपही हिशेबात धरायची, पण हे तिने देवाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आणि देवालाही जरा घाईघाईतच सांगितलं होतं.

प्रभू अचानक येईल, आपल्या माणसांना कपड्यालत्त्यासकट की त्याशिवाय ते ठाऊक नाही, पण मेघांमध्ये उचलून घेईल, आणि बाकीचे सात वर्षांच्या महासंकटात मागे राहतील, अशी तिची समजूत. आपण नक्की जाणार, असा तिचा विश्वास होता. तरीही दाराशी एक तयारीची पिशवी भरलेली असायची: घोंगडी, मलमपट्टी, मेणबत्त्या, काड्यापेटी, पाण्याच्या बाटल्या, शिट्टी.

"वर न्यायचीय का ही?" मावशींनी एकदा विचारलं होतं.

"नाही हो. समजा मागे राहिले, तर…"

"म्हणजे प्रभूवर भरवसा आहे, पण पिशवीवर जरा जास्त!" मावशी दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "आणि शिट्टी कुणासाठी गं? देवदूतांना थांबवायला?"

बटणमावशी म्हणजे शेजारच्या घरातल्या शिंपीणबाई. काजं-बटणं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन्ही घरांमध्ये एकच पातळ भिंत. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला भिंतीपलीकडे त्यांचं मशीन सुरू व्हायचं आणि पिटुकलीच्या आईला घड्याळाकडे बघायची गरजच उरायची नाही. प्रभू आला तर काय कराल, असं तिने विचारलं होतं तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "हातातलं काज पुरं करीन. अर्धवट काज टाकून गेले तर तोच रागवेल." पिटुकलीच्या आईने मनातल्या मनात, कोण वर जाणार आणि कोण नाही, याची एक यादी केली होती. तिच्यात पहिलं नाव मावशींचं होतं. स्वतःचं पाचवं होतं, पेन्सिलीने.

चर्चच्या मंडळीत 'पहारा' सुरू करण्याची कल्पनाही तिचीच. प्रभू येईल तेव्हा कुणीतरी जागं सापडलं पाहिजे, म्हणून दिवसाचा एकेक तास एकेकाने वाटून घ्यायचा आणि त्या तासात प्रार्थना करत जागं राहायचं. उपासनागृहाच्या दारावर तक्ता लावला होता. मंगळवारी नऊ ते दहा तिचा पहारा.

त्या मंगळवारी पिटुकलीला बालवाडीत सोडून ती नऊला गुडघ्यांवर आली. नवरा कामावर गेलेला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घर शांत. जगातल्या सगळ्या राष्ट्रांसाठी प्रार्थना करायची म्हणून तिने नकाशा समोर पसरला होता. तेवढ्यात कुठेतरी ठक… ठक… सुरू झालं. थांबायचं, पुन्हा व्हायचं. नळवाला आला असणार, नेमका आत्ताच! तिने दोन राष्ट्रं सहन केलं. मग उठून कानात कापसाचे बोळे घातले आणि पुढच्या राष्ट्राकडे वळली.

दहा वाजता बोळे काढले तेव्हा तिच्या लक्षात आलं की मशीन वाजत नाहीये. हजारो कोस दूरची जमीन हलली तर वहीत टिपून ठेवणाऱ्या या बाईला, हातभरावरचं मशीन तासभर मुकं आहे हे कळलं नव्हतं.

तिने मावशींचं दार वाजवलं. मग किल्लीने उघडलं.

खोलीत उजेड होता. मशीनच्या सुईखाली एक बाही तशीच. खुर्चीच्या पाठीवर मावशींचा घरातला झगा, बाह्या खाली सोडलेल्या, जणू आतलं माणूस तेवढं काढून घेतलंय. झग्यापुढे जमिनीवर चपला, जोडीने. टेबलावर चष्मा, त्याखाली उघडं बायबल, आणि शेजारी पेल्यात पाण्यात बुडालेली कवळी.

कुठल्याही शहाण्या माणसाने पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, बाई अंघोळीला गेल्यात. पिटुकलीची आई शहाणी नव्हती, सुशिक्षित होती. तिने झगा पाहिला, चपला पाहिल्या, कवळी पाहिली. स्वर्गात कवळी कशाला लागेल? नवे दात मिळत असतील! स्वयंपाकघरात डोकावली, पलंगाकडे पाहिलं. कुणी नाही. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. त्यावरून तिची नजर भिंतीवरून फिरावी तशी फिरून गेली.

"प्रभू," ती मोठ्याने रडत म्हणाली, "मला एकटीला मागे ठेवलंस?"

आणि ती धावत आपल्या घरी आली.

आता पुरावा गोळा करायला हवा होता. पदवी उगाच नव्हती. पहिला फोन बालवाडीत.

"बाई, पिटुकली आहे ना?"

"आहे की," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "आत्ताच शेजारच्याला चावली."

लहान लेकरं विनाअट जातात, असं पिटुकलीची आई मानायची. म्हणजे पिटुकली राहिली, ती चावण्यापायी? कितव्या वर्षापासून धरतात चावणं?

"आणि बाकीची मुलं?"

"एक सोडून सगळी आहेत."

"एक? कधी गेलं ते?"

"गेलं नाही हो, आलंच नाही! पोट बिघडलंय त्याचं. तुमचं बरं आहे ना सगळं?"

दुसरा फोन नवऱ्याला.

"तू आहेस ना?"

"कुठे?"

"पृथ्वीवर!"

"सध्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आहे. काय झालं?"

"मावशी गेल्या."

"अरे देवा! कधी? डॉक्टरांना…"

"तशा नाही रे! वर गेल्या. उचलल्या गेल्या. झगा इथेच आहे, चपला इथेच, कवळीसुद्धा!"

तो हळूच म्हणाला, "तू सगळीकडे बघितलंस का नीट?"

"तुला ना, कशाचंच गांभीर्य नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. जन्मभर लोकांना वर पोचवतो, पण वर जाण्यातलं याला काय कळणार!

तिसरा फोन मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकांना. हा निर्णायक होता. पाळकांनी उचलला तर त्याचे दोनच अर्थ: एक, अजून काही घडलेलं नाही. दुसरा अर्थ मनात आणणंही पाप होतं, म्हणून तिने तो पटकन आणून पटकन घालवला. घंटी वाजत राहिली. पाच, सहा, सात. गेले! पाळकही गेले! तिला धाय मोकलून रडू येणार तोच फोन उचलला गेला.

"हॅलो?" पाळकबाई होत्या.

"पाळकबाई! तुम्ही आहात?"

"आहे म्हणजे? कुठे जाणार मी, धुणं तसंच पडलंय."

"आणि पाळकसाहेब?"

"ते होय? अंघोळीला गेलेत. चांगली वीस मिनिटं झाली, पाणी संपवतात नुसतं. काही निरोप…"

पिटुकलीच्या आईला पुढचं ऐकू आलं नाही. तिला ओठांत तीन टाचण्या धरून बोललेला आवाज ऐकू आला. मग झगा पुन्हा दिसला, आणि चपला दिसल्या. त्यांची तोंडं न्हाणीघराकडे होती. आणि मग सगळ्यात शेवटी, कापसाच्या बोळ्यांमागून यावं तसं, ते ठक… ठक….

ती पिशवी घेऊन धावली. पिशवी का घेतली, तिला आजही सांगता येत नाही. दाराशी होती म्हणून हाताला लागली.

न्हाणीघराचं दार ढकललं तर ते अर्ध्यावर अडलं. मावशींचा पाय आड आला होता. त्या ओल्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, अंगावर ओढून घेतलेला टॉवेल, कपाळावरून वाहून सुकलेलं रक्त. ओठ निळसर झालेले. एका हातात तांब्या होता आणि तांब्याशेजारी बादली. बादलीला बारीक बारीक पोचे पडले होते.

"मावशी! मावशी!"

डोळे उघडले. कवळीशिवाय बोलणं अस्पष्ट होतं, पण मावशींचं बोलणं ते मावशींचंच.

"आलीस? आभाळात… नाही सापडले वाटतं?"

"मावशी, माफ करा, मी मघाशी आले होते, पण…"

"ऐकलं ना मी. हाक फुटेना. म्हणालीस… एकटीला मागे ठेवलंस." त्यांनी श्वास घेतला. "अगं बाई, ते वाक्य माझं होतं."

पिटुकलीची आई एकाच वेळी हसली आणि हुंदका देऊन रडली. मग मात्र तिचे हात चालायला लागले. रुग्णवाहिकेला फोन. सात वर्षांच्या महासंकटासाठी जपलेली घोंगडी मावशींच्या अंगावर, मलमपट्टी कपाळावर. हलवू नका, असं फोनवर सांगितलं होतं, म्हणून ती स्वतःच ओल्या फरशीवर आडवी झाली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून ऊब देत राहिली. तिथून तिला छताचा कोपरा दिसत होता. आभाळ नव्हतं.

"मावशी, झोपू नका हं. बोलत राहा."

"काय बोलू? थंडी वाजतेय." मग थोड्या वेळाने: "बाही अर्धी राहिलीय मशीनवर."

"मी बघते."

"तू नको बघूस. तुझं बघणं कळलं मला."

मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. तीन दिवस त्या कधी ओळखायच्या, कधी नाही, आणि त्या तीन दिवसांत पिटुकलीच्या आईने वहीत एकही भूकंप लिहिला नाही. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं होतं: साडेआठच्या सुमाराला पडल्या, वय हे असं, गारठा एवढा, आणखी तासभर गेला असता तर आपण हे बोलत नसतो. गेलेल्या वेळातला एक तास कुठे गेला, हे तिला ठाऊक होतं. तो तक्त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेला होता: मंगळवार, नऊ ते दहा, पहारा.

चौथ्या दिवशी मावशींनी कवळी मागितली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कवळी लावून पहिलं वाक्य काय, तर, "पाळक अंघोळ करतात हे प्रभूचे उपकार."

तिने पाळकांना सगळं सांगितलं. हसतील म्हणून काही वगळलं नाही, कवळीच्या नव्या दातांचा तर्कसुद्धा. पाळक हसले नाहीत. कदाचित दुसऱ्या अर्थाबद्दल ऐकून असेल. म्हणाले, "धनी येतो तेव्हा चाकर कुठे सापडावा, एवढंच आपल्याला सांगितलंय. कामावर. खिडकीत नाही."

ती अजूनही प्रभूची वाट बघते. त्यात तसूभर फरक नाही. आज आला तर आजच, असंच ती म्हणते. पिशवीही दाराशी आहे, फक्त त्यातली शिट्टी आता मावशींच्या न्हाणीघरात खिळ्याला लटकते. मावशी ती रोज सकाळी एकदा वाजवतात, पडल्या नसतानाही. विचारलं तर म्हणतात, "तुझा कापूस निघालाय का बघते."

आणि पहाऱ्याच्या तक्त्यात तिने एक रकाना वाढवलाय. तासापुढे प्रार्थना करणाऱ्याचं नाव, आणि त्यापुढे एका अशा माणसाचं, जे एकटं राहतं. गुडघ्यांवर यायच्या आधी त्याचं दार वाजवून यायचं. सुरुवातीला लोक कुरकुरले. तास वाया जातो म्हणाले.

ही गोष्ट ती स्वतःची फजिती म्हणून सांगते, लोक पोट धरून हसतात, आणि हसू ओसरलं की ती प्रत्येकाला एकच विचारते, तेच तुम्हालाही: तुमच्या भिंतीपलीकडे कोण आहे? आज त्यांचा नेहमीचा आवाज आला का? आठवत नसेल तर हे खाली ठेवा आणि जाऊन या. दार वाजवा, हाका मारा. आणि आत गेलात तर, कृपा करून, न्हाणीघराचं दारही ढकलून बघा.