डाव्या बाजूची काच

"काच खाली करा ना शेठजी, जीव जाऊन राह्यला माहा," असे म्हणत प्रेमदास मिस्त्रीने दाराकडे हात नेला, तर तिथे हँडलच नव्हते. नुसता खुंट होता.

"त्या बाजूचं हँडल नाई," हिरालालशेठ स्टिअरिंगवरची नजर न काढता म्हणाले. "माह्या बाजूची उघडी हाय ना. येते हवा."

येत होती खरी, पण ती हवा कसली, भट्टीचे तोंडच. मे महिन्याची दुपार, शनिवार, आणि सिंदी मेघेच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. प्रेमदासने घाम पुसून आरशात पाहिले. मागे काळ्या धुराचा पट्टा लांबच लांब पसरला होता आणि एक स्कूटरवाला तोंडाला रुमाल लावून त्यातून वाट काढत होता.

पंधरा दिवसांत ही गाडी तिसऱ्यांदा आली होती. दोन हजार चारची जुनी पांढरी मारुती. ती लिटरला नऊचासुद्धा अॅव्हरेज देत नव्हती, पेट्रोल नुसते ढोसत होती. प्लग बदलले, तर चार दिवसांत काजळी धरून पुन्हा काळे. एअर फिल्टर नवा टाकला, इंजेक्टर साफ केले, धूर जिथल्या तिथे. सोमवारी गाडीचे पासिंग होते. धुराच्या तपासणीत नापास झाली, की कागद नवे होणार नव्हते, आणि पुण्याच्या प्रफुलने, म्हणजे शेठजींच्या मुलाने, भंगारवाल्याशी आधीच बोलून ठेवले होते.

हिरालालशेठनी सेलूतले बांगड्यांचे दुकान तीन वर्षांपूर्वी बंद केले होते. वय चौऱ्याहत्तर. मुलगा म्हणेल त्याला हो म्हणायचा स्वभाव. पण या एका गोष्टीला त्यांनी नाही म्हटले होते. पहिल्याच दिवशी ते प्रेमदासला म्हणाले होते, "मिस्त्री, काई करा, पण गाडी राह्यली पाहिजे."

प्रेमदासने शब्द दिला होता आणि आता तो शब्द त्याला चावत होता. चौतीस वर्षे त्याने कडुलिंबाखालच्या या गॅरेजात काढली होती. कार्ब्युरेटरच्या जमान्यात सायलेन्सरचा नुसता वास घेऊन स्क्रू किती फिरवायचा ते तो सांगायचा. मीराबाई, त्याची बायको, थट्टेने म्हणायची, की हा माणूस घरचा मिक्सरही आधी कान लावून मग चालू करतो. पण पुढे गाड्यांत कॉम्प्युटरची डबी आली, आणि डबीला ना वास ना आवाज. विचारत, चुकत, तो तेही शिकला. तरी या गाडीने मात्र त्याला पार जेरीस आणले होते.

गाडी गॅरेजात लागल्यावर त्याने शेवटी मान खाली घातली आणि रस्ता ओलांडला. समोर रुपेशचे नवे गॅरेज होते. रुपेश त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि गेल्या दिवाळीपासून प्रेमदासची निम्मी गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली होती.

"तुहा स्कॅनर दे रे घडीभर," प्रेमदास म्हणाला.

रुपेश हसला नाही. स्कॅनर घेऊन तो स्वतःच आला, हे प्रेमदासला बरे वाटले. त्याने वायर जोडली, इंजिन चालू ठेवले आणि स्क्रीनकडे बघत भुवया वर केल्या.

"काका, इंजिन गरम हाय काय?"

"हात लावून पाह्य. चटका बसते."

"याच्यात अठरा डिग्री दाखवून राह्यलं."

दोघेही एकमेकांकडे बघून खो खो हसले. वर्धा, मे महिना, आणि अठरा डिग्री.

"थंडी वाजून राह्यली काका हिले," रुपेश म्हणाला. "म्हणून पेट्रोल मांगते."

आता सगळे सरळ होते. इंजिन किती तापले ते सांगणारा एक सेन्सर असतो. इंजिन गार असले, की ती डबी जास्त पेट्रोल सोडते, तापले की आवरते. सेन्सरच खोटे सांगत असला तर डबीने तरी काय करावे? रुपेशने आपल्या दुकानातून नवा सेन्सर आणला. बसवला, इंजिन पुन्हा तापवले, आणि स्क्रीनवर पुन्हा अठराच आले.

"राहू द्या मिस्त्री," स्टुलावर बसलेले हिरालालशेठ अचानक म्हणाले. "लय केलं तुमी. असन तिच्या नशिबात."

प्रेमदासला नवल वाटले. इतके दिवस गाडी वाचवा म्हणणारा माणूस ऐन वेळी हातपाय का गाळतो? "आता कायचं राहू द्या? सापडतच आलं," तो म्हणाला आणि सेन्सरपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत मागे मागे गेला. बॅटरीच्या खाली, आडोशाला, टेपमध्ये एक गाठ लागली. त्याने टेप सोडवली. आत रेडिओत असतो तसला तांदळाएवढा रेझिस्टर होता, पिवळ्या नळीत घातलेला आणि टेप सुटू नये म्हणून वर पांढरा दोरा आवळलेला.

असा दोरा वर्धा जिल्ह्यात एकच मिस्त्री आवळायचा. तो दोरा मीराबाईच्या शिलाई मशीनचा होता.

प्रेमदास बॉनेटखाली तसाच वाकून राहिला. त्याला सगळे आठवले. साडेतीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, कडाक्याची थंडी. शेठजी असेच आले होते. त्यांच्या बायकोचे, अनुसयाबाईंचे, डायलिसिस आठवड्यातून तीनदा, पहाटे सहाचा नंबर. आणि गाडी सकाळी सकाळी चालू होत नव्हती, त्या बिचाऱ्या अंगणात कुडकुडत उभ्या राहायच्या. प्रेमदासकडे तेव्हा कामाची गर्दी होती. त्याने पाच मिनिटांत हा जुगाड लावला, म्हणजे गाडीला कायम थंडीच वाटावी, तिने भरपूर पेट्रोल घ्यावे आणि एका सेल्फमध्ये उठावे. "होळी झाली की येजा, काढून देतो," असे तोच म्हणाला होता. होळीला ते आले नाहीत, आणि तो साफ विसरून गेला.

रुपेश आपल्या गिऱ्हाइकाच्या हाकेला परत गेला होता. प्रेमदास हात पुसत शेठजींसमोर जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"माहीच चूक हाय शेठजी. मीच लावलं होतं ते. पंधरा दिवस तुमाले उगाच फिरवलं."

"मले मालूम होतं," हिरालालशेठ म्हणाले.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

शेठजी चपलेच्या टोकाने माती उकरू लागले. "मले वाटलं, ते न काढता धूर गेला तर बरं होईन. होळीच्या आधीच गेली ना ती. तुमी ते लावल्यावर अडीच महिने गाडी एका सेल्फमध्ये उठली, एक दिवस चुकली नाई. ती म्हणे, या गाडीले माही कीव येते. मंग कसं काढावं सांगा?"

 प्रेमदास त्यांच्या शेजारी विटेवर बसला. वरून कडुलिंबाच्या निंबोळ्या गळत होत्या.

"हँडलबी मीच काढलं होतं," शेठजी पुढे म्हणाले. "दवाखान्यातून येतानी तिले गुदमरल्यासारखं होये, ती काच खाली करे. अन् मंग रातभर खोकला. म्हणून मी हँडल काढलं, फटीत कापूस भरला. लय रागावली माह्यावर. शेवटच्या दिवशीबी म्हणत होती, जराशीक उघडा, हवा येऊ द्या. मी नाई उघडू देल्ली."

"तुमी तिच्या भल्यासाठीच केलं ना शेठजी."

"हो. भल्यासाठीच."

मग तेच उठले. "काढा मिस्त्री. सोमवारी पासिंग हाय."

प्रेमदासने कटर घेतला. एरवी दोन सेकंदांचे काम, पण त्याने आधी दोऱ्याची गाठ नीट सोडवली. रेझिस्टर काढला, वायर सरळ जोडली, टेप लावली. इंजिन चालू केले. पाच मिनिटांत स्कॅनरवरचा आकडा चढत चढत अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला. सायलेन्सरच्या तोंडाशी त्याने पांढरे फडके धरले, ते पांढरेच राहिले.

"होते पास," तो म्हणाला. "पण थंडीत सकाळी दोन-तीन सेल्फ मारा लागन."

"मारीन. आता अंगणात थंडीत कोण उभं हाय?"

शेठजी वळसा घालून डाव्या बाजूला गेले. दार उघडून समोरचा कप्पा चाचपला आणि कागदात गुंडाळलेले हँडल बाहेर काढले. ते खुंटावर बसवून फिरवू लागले. काच अडकली होती. प्रेमदास मदतीला पुढे झाला, तसे त्यांनी हातानेच नको म्हटले. मळकी कापसाची वात खाली मातीत पडली, काच कुरकुरली आणि हळूहळू उतरू लागली.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा प्रेमदासने सवयीने आधी सायलेन्सरकडे पाहिले. धूर नव्हता. मग त्याने डाव्या बाजूकडे पाहिले. सीट रिकामी होती आणि काच पूर्ण खाली होती.